जरा कळ काढ

माझा खुबा दुखायला लागलाय, ही बातमी मला पुण्याहून मिळाली.

"आई, सहा झालाय," सम्मेद फोनवर म्हणाला.

"काय सहा झालाय?"

"आकडा. तुला उजव्या खुब्यात दुखतंय. जाऊन पड जरा."

मी टेबलाशी बसून शेंगा फोडत होते. निम्मं पातेलं भरलं होतं. दुखत होतं, ते खरंच. पण दुखणं आपलं एका बाजूला आणि मी माझी एका बाजूला, अशी आमची त्या सकाळी छान तडजोड झाली होती. फोन आला आणि ती मोडली.

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणाले. "मला बाई कुठून कळणार?"

"टोमणे नकोत हां. मी मीटिंग सोडून बाहेर आलोय."

"मग जा की परत. मी शेंगा फोडतेय."

त्यानं लगेच वडिलांना फोन लावला. आमचे हे, म्हणजे शांतिनाथ मगदूम, यांनी आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाचं कधी मुकाट्यानं ऐकलं नाही. मुलाचं मात्र ऐकतात. आले, पातेलं उचललं, आणि मला पलंगाकडे पिटाळलं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ती माझ्या गळ्याखाली चिकटवलेली टिकली. कंपनीनं तिला भारदस्त नाव दिलंय, पण ती दिसते टिकलीसारखी, म्हणून आमच्या घरात टिकलीच. ती काय करते, हे मला डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी नीट समजावलं होतं. मिरजेत त्या फक्त दुखणं बघतात. कॅन्सर बघणारे डॉक्टर वेगळे. माझा कॅन्सर छातीतला. तो बरा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते, आणि काही वर्षांनी तो खुब्याच्या हाडात उतरला.

"हाड म्हणजे दगड नव्हे, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ते सारखं थोडं मोडतं आणि थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. कॅन्सर मोडणाऱ्यांना चेव आणतो. त्या आम्ल सोडतात, हाड पोखरतात. हाडावरच्या पातळ पडद्यात नसांची टोकं दाटीवाटीनं असतात, त्यांना ते झोंबतं. वर तिथं नव्या नसाही फुटतात."

"म्हणजे दुखायला जास्तीची माणसं कामाला लागतात."

"अगदी. पण खरी गंमत पुढं आहे. नसांचा निरोप पाठीच्या कण्यातून वर मेंदूकडे जातो, आणि वाटेत एक फाटक असतं. भीती वाटली, झोप झाली नाही, एकटं वाटलं, की ते सताड उघडतं. मन कशात गुंतलं की अर्धंमुर्धं लागतं. निरोप तोच, पण दुखणं वेगळं."

आजवर दुखणं मोजता येत नव्हतं ते या फाटकामुळे. नुसता नसांचा निरोप वाचून भागत नाही. म्हणून या नव्या यंत्राला तीन भाग आहेत. कण्याजवळ केसासारखी तार, ती निरोप ऐकते. गळ्याखाली टिकली, ती माणसाचं बोलणं ऐकते: काय शब्द वापरले, आवाज कसा होता. दोन्ही मिळून शून्य ते दहातला एक आकडा तयार होतो. आणि पोटाच्या कातडीखाली पेढ्याएवढा पंप, तो औषधाचा थेंब थेट कण्यात सोडतो. थेट जातं म्हणून थोडंसंच पुरतं. माणसानं तोंडानं मागितलं तर जादा थेंबही मिळतो. किती मिळावा त्याची कमाल मर्यादा डॉक्टर आधीच बांधून ठेवतात, त्यामुळे जिवाला धोका नाही. यंत्राला मराठी नुकतीच यायला लागली होती, आणि आमच्या भागात ते बसवणारी पहिली मीच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्या यंत्राची पूजा केली असती. पहिल्या आठवड्यात मी कुशीवर झोपले, स्वतःच्या हातानं वेणी घातली. पण त्यात ‘आप्तदर्शन’ नावाची एक सोय होती. माझा आकडा घरच्यांच्या फोनवर दिसायचा. सम्मेदनं ती बसवतानाच चालू केली. "आई कधी सांगत नाही," तो डॉक्टरांना म्हणाला, "आता सांगायची गरजच नाही."

आणि खरंच, त्या दिवसापासून मला कुणी काही विचारेना.

"अहो, जरा पाणी द्या," म्हटलं की हे आधी फोन बघायचे.

"दोनच हाय की गं."

"दोन आहे म्हणून तहान लागू नये?"

हे हसण्यावारी नेता येतं. पण एका दुपारी मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. दुखण्यापेक्षा जास्त कसली तरी भीती वाटत होती. यांनी दारातून डोकावलं, फोन बघितला, आकडा होता तीन, आणि निर्धास्त होऊन टीव्ही बघायला गेले. तेहेतीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्या नुसत्या पावलांच्या आवाजावरून माझा राग ओळखायचा. मला त्या दिवशी टिकली ओरबाडून काढावीशी वाटली.

दुसरा ताप म्हणजे झोप. मी हायस्कूलात पी.टी. शिकवायचे आणि मुलींचा खो-खोचा संघ बांधायचे. निवृत्त झाले तरी संघ माझाच होता. पोरी संध्याकाळी सरावावरून फोन करायच्या, मी त्यांना चार गोष्टी सुनवायचे, आणि फोन ठेवेपर्यंत माझे डोळे मिटायला लागायचे. सम्मेदनं पुण्यात बसून फोनवरच्या औषधाच्या नोंदी बघितल्या आणि निष्कर्ष काढला की पोरींशी बोलून मला ताण येतो. मग यांनी पोरींचे फोन उचलणं बंद केलं. घरात माझ्यावाचून माझ्याबद्दल बैठका व्हायला लागल्या, आणि ठराव मला फोनवरून कळायला लागले.

असाच एक ठराव आला. पंपातून सलग, वाढीव औषध सुरू करायचं. म्हणजे आकडा दोनच्या वर जाणारच नाही.

"आणि मी?" मी दवाखान्यात डॉक्टर मुजावरांना विचारलं. सम्मेद व्हिडिओ कॉलवर होता.

"तुम्ही बराचसा वेळ झोपेत असाल," त्या म्हणाल्या. "काही पेशंटना तेच हवं असतं, आणि ते चूक नाही. पुढं कदाचित तुम्हालाही हवंसं वाटेल. पण आत्ता ठरवायचं तुम्ही."

"माझं ठरलंय. नको."

"आई, तुझा आकडा बघून माझं काय होतं तुला माहीत नाही," सम्मेद स्क्रीनवरून म्हणाला. "रस्त्यात गाडी बाजूला घ्यावी लागते. औषध आहे ना, मग का सोसायचं?"

"मला जागं राहायचंय म्हणून."

"कशासाठी पण?"

आता याला काय सांगायचं? शेंगा फोडण्यासाठी, म्हणून सांगू? मी जे सुचलं ते बोलले. आमच्या पोरी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या होत्या आणि सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर होता.

"रविवारचा सामना मी शेवटपर्यंत, जागेपणी बघितला, तर औषधाचं माझं मी ठरवणार. कुणी मध्ये पडायचं नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तसं."

सम्मेदनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी फोनकडे बघितलं. "चालेल," सम्मेद म्हणाला.

रविवारी हे मला गाडीनं घेऊन गेले. मुख्याध्यापकांच्या खोलीतली गादीची खुर्ची मैदानाच्या कडेला आणून ठेवली होती. खुबा ठणकत होता, आकडा सहा होता, आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुखात होते. फाटक लागलं होतं, दुसरं काय. हे शेजारी फोन धरून बसले होते.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. पळणाऱ्या मुलीला वेळ संपेपर्यंत हाती लागायचं नसतं, बस. त्यासाठी पायांइतकीच सहनशक्ती लागते. छाती फुटायला येते, पोटात गोळा येतो, आणि नेमकं तेव्हाच पोरी घाई करून चुकतात. म्हणून माझं एकच वाक्य ठरलेलं. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीनं ते ऐकलंय. काहींनी बाळंतपणात स्वतःलाच तसं बजावलं, असं मला येऊन सांगितलंय.

शेवटची पाळी सुरू झाली. आमच्या पोरी पळत होत्या. समोरच्यांना जिंकायला आणखी एकच गडी बाद करायचा होता, आणि मैदानात आमची प्रणोती माळी एकटी उरली होती. खांबाला वळसा घालून ती सुटली की मी ओरडायचे, "कळ काढ, प्रणोती! जरा कळ काढ!" ती पळत होती. मी पुन्हा ओरडले. मग माझी जीभ जरा जड झाली. उन्हामुळे असेल, म्हटलं. पुन्हा ओरडले. खुब्यापासून पायापर्यंत गार लाट गेली. मैदान हळूहळू लांब गेलं. मला वाटतं, मी आणखी एकदा ओरडले.

डोळे उघडले तेव्हा मी घरी पलंगावर होते.

"किती वाजले? सामना काय झाला?"

हे पलंगाच्या कडेला बसले होते. "तू आधी पाणी पी."

"हरलो का?"

"एका गुणानं," हे म्हणाले, आणि मग अगदी मायेनं, जे मला त्या क्षणी अजिबात सोसवलं नाही, म्हणाले, "तुला लई त्रास झाला गं. सारखं औषध मागालतीस. दर थेंबाला फोन टिंग टिंग वाजालता. मी काय बोललो न्हाई, म्हटलं, चारचौघांत कशाला?"

"मी औषध मागितलं? मी?"

"मग काय यंत्र खोटं बोलतंय? मागितल्याबिगर देत न्हाई ते."

मला रडू फुटलं. रागानं. स्वतःवरचाच राग होता तो. तोंडानं मोठ्या बाता, आणि आतून माझ्या नकळत मी औषधाची भीक मागत होते तर. सम्मेदचा फोन आला. "आई, आकडा एक होता! सामनाभर सहा, आणि मग एक! मी इथं देवाचे आभार मानले," तो म्हणाला. एक होता, कारण मी खुर्चीत मान टाकून घोरत होते. "आता ठरल्याप्रमाणे करू. मी उद्या येतोय."

ठरल्याप्रमाणे. पैज माझीच होती. मी काय बोलणार?

संध्याकाळी, आम्ही दिवेलागणीच्या आत जेवून उठलो तोच प्रणोती आली. रडून तोंड सुजलं होतं. दारातच उभी राहिली.

"बाई, माझ्यामुळं गेलं ओ."

"तुझ्यामुळं कसं? आत ये."

"तुमचा आवाज यायचा बंद झाला. म्हणून मी वळून बघितलं. तुमची मान अशी पडलेली. मला वाटलं…" तिनं नाक पुसलं. "तेवढ्यात त्यांनी पाठीला हात लावला."

म्हणजे सामनाही माझ्याचमुळे गेला होता. मी तिला जवळ घेतलं. ती मुसमुसून रडत होती, मला तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते, आणि हे मध्येच फोन पुढं करून सांगू लागले की आकडा चार झालाय, पोरीला जाऊ दे, तू पड, सम्मेद म्हणालाय.

"अहो, जरा कळ काढा!" मी खेकसले.

टिंग.

यांनी फोन बघितला. मी यांच्याकडे बघितलं. खुब्यातून गार लाट सरकत खाली गेली.

"आत्ता तू औषध मागितलंस?" यांनी विचारलं.

"तुम्ही समोरच आहात ना? काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, कळ का…" हे थांबले. दुकानात पाव इंचाचा स्क्रू नजरेनं ओळखणारा माणूस. चेहरा हळूहळू बदलत गेला. "कळ काढा, म्हणालीस."

प्रणोतीचे डोळे एवढाले झाले. "बाई! त्याला वाटतंय, तुम्ही त्याला सांगालाय. दुखणं काढून टाक म्हणून!"

मग एकदम सगळं उलगडलं. पोरींशी फोनवर बोलताना येणारी झोप. मैदानावरची जड जीभ. मी दर वेळी पोरीला म्हणत होते, सोस अजून थोडं, आणि यंत्र म्हणत होतं, आज्ञा, काढतो कळ.

"परत म्हण बघू," हे म्हणाले.

"मुळीच म्हणणार नाही! झोप येईल मला!"

प्रणोती रडता रडता हसायला लागली. मी मात्र हसले नाही. माझा सामना गेला होता, पोरीनं दिवसभर स्वतःला दोष दिला होता, आणि माझ्या नवऱ्यानं मला मनातून केविलवाणी ठरवून टाकलं होतं. कशामुळे, तर कुणा शहाण्यानं यंत्राला शब्द शिकवले आणि बोलणं शिकवलं नाही म्हणून.

सकाळी मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘काढणे’ म्हणजे दूर करणे. बरोबर आहे ना?"

"तुमच्या आईनं तुम्हाला कधी ‘जरा कळ काढ’ म्हटलं नाही का हो?"

"म्हटलंय, मॅडम." मग पुन्हा गोड आवाज. "पुढच्या सुधारणेत आम्ही याची नोंद घेऊ. तोपर्यंत कृपया हा शब्दप्रयोग टाळावा."

मी फोन आपटला. मोबाइल असल्यामुळे गादीवर आपटला.

दुपारी सम्मेद पुण्याहून आला आणि आम्ही सगळे डॉक्टर मुजावरांकडे गेलो. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग मला न विचारता पंपाची सगळी तपासणी केली, मग म्हणाल्या, "माझंही चुकलं. यंत्र काय ऐकतंय ते मी विचारायला हवं होतं. आता तुम्ही सांगा, काय करू?"

"टिकलीचे कान बंद करा. आणि ते आप्तदर्शनही."

"आई!" सम्मेद उठून उभा राहिला.

"पंपातलं नेहमीचं औषध चालू राहील," डॉक्टर म्हणाल्या. "जादा हवं असेल त्यासाठी मॅडमच्या हातात एक कळ देते. जुनी पद्धत आहे. दाबली की थेंब पडेल." त्यांनी ड्रॉवरमधून दोरी लावलेलं एक पांढरं बटण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "ही कळ दुसऱ्या कुणी दाबायची नाही. आणि मॅडम, शूरपणा करायचा नाही. लागलं की दाबायची. दुखणं साठवलं की पुढं आवरत नाही."

"पैज मी हरलेय, पण," मी सम्मेदकडे बघत म्हणाले. "तुला हवं असेल तर तसं म्हण."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि खाली बसला. डॉक्टरांनी फोनवरचा आकडा बंद केला तेव्हा मात्र त्याचा चेहरा बघवेना.

"मग मला कळणार कसं?" गाडीत बसल्यावर तो म्हणाला.

"विचारायचं."

"आणि तू खरं सांगणार? तू? ताप असताना मैदानावर जायचीस. विचारलं की म्हणायचीस, काही नाही रे. म्हणून तर ते चालू केलं होतं मी."



दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते. संध्याकाळी पोरी येणार होत्या. हरल्यावर काय करायचं, हेही शिकवावं लागतं, आणि ते मला शुद्धीत राहून शिकवायचं होतं. सम्मेद खोलीत आला. सवयीनं हात खिशाकडे गेला, फोन निघाला, त्यावर काही नव्हतं. त्यानं तो परत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून आमच्याकडचं बोलणं पार गेलं होतं, पण तेव्हा म्हणाला,

"आई, दुखालंय का गं?"

काही नाही रे, हे माझ्या ओठांवर आलंच होतं. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखालंय."

तो एकदम पुढं झाला. "मग दाब की ते! हातात आहे ना?"

"दाबीन. पोरी येऊन जाऊ देत. त्याआधी सोसेनासं झालं तर त्याआधी. मी लबाडी करणार नाही."

तो खिडकीपाशी गेला. परत आला. पुन्हा खिडकीपाशी गेला. लहानपणी त्याला खरचटलं की मी अशीच येरझाऱ्या घालायचे, आणि त्याला तेव्हा वाटायचं आई चिडलीय. इतके महिने तो माझा आकडा खाली आणायला धडपडत होता, कारण त्या आकड्यानं त्यालाच दुखत होतं. त्याच्यासाठी मात्र कुठे पंप नव्हता.

"मला बघवत नाही गं, आई." तो तिथूनच म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि बटण उशाशी ठेवून मोकळा हात त्याच्यापुढे केला. "ये, बस इथं. जरा कळ काढ."

कुठंच काही वाजलं नाही. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि माझा हात धरून बसला.